आय नसते, ओ नसतो

इंग्रजी अक्षरं सव्वीस असतात, याबद्दल तिला आयुष्यात कधी शंका आली नव्हती. पण साडेचार वर्षांच्या लेकीकडे ती चोवीसच आहेत असं लक्षात आलं, आणि तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

शोध लागला तो एका सोमवारी, वेणी घालताना. मोठ्या शाळेतली मुलाखत पुढच्या आठवड्यावर आली होती, म्हणून तिने सहज म्हटलं, “ठकी, एबीसीडी म्हण बघू.” ठकी एरवी मोजकंच बोलणारी. पण एकदा सुटली की मधले थांबे न घेणाऱ्या बससारखी जायची. “ई, एफ, जी, एच, जे, के, एल, एम, एन, पी, क्यू...”

आईच्या हातातला कंगवा जागीच थांबला.

“एचनंतर काय ग?”

“जे.”

“आणि मधलं?”

“मधलं काही नसतं.”

“आय असते ना, राणी.”

“नसते,” ठकी म्हणाली. “वेणी घाल.”

(ठकीच्या लेखी प्रत्येक अक्षराला माणसासारखं तो किंवा ती असे. के तो, बी ती, आय ती, ओ तो. कुणी ठरवलं देव जाणे, पण तिच्याशी बोलता बोलता घरातले सगळेच आता तसं म्हणायला लागले होते.)

पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तेच. एचच्या मागोमाग जे, एनच्या मागोमाग पी. बाकी सगळी अक्षरं ठणठणीत, आणि ही दोन अशी गायब की त्यांच्या जागी फटसुद्धा राहिलेली नाही.

एखादी आई म्हणाली असती, शिकेल हळूहळू. पण ही आई छापखान्यात प्रूफं तपासायची. नऊ ते सहा लोकांच्या मजकुरातली गळलेली अक्षरं हुडकायची आणि तिथे लाल शाईने खूण करायची, यावर तिचं पोट होतं. मागच्याच महिन्यात एका क्रीडा मंडळाच्या स्मरणिकेत ‘अपराजित संघ’मधला ‘अ’ गळलेला तिने अगदी छपाईच्या तोंडावर पकडला होता आणि मालकांनी सगळ्यांसमोर तिला शाबासकी दिली होती. आता तिच्या स्वतःच्या एकुलत्या एक प्रतीत दोन अक्षरं गळलेली निघाली, आणि लाल शाई कुठे लावायची ते कळेना.

नवरा संध्याकाळी आला. तो बर्फाच्या कारखान्यात इंजिनीयर होता आणि त्याचं डोकंही कारखान्याच्याच तापमानाला असे.

“ऐक ना, हिची दोन अक्षरं गेलीत.”

“कुठे?”

“तेच तर कळत नाही. आय आणि ओ.”

“बाकीची आहेत ना? भागेल,” तो बूट काढत म्हणाला. “मला अजून क्यूच्या पुढचं मनातल्या मनात गाऊन बघावं लागतं. माझं अडलं का काही?”

त्याचं काय काय अडलं होतं याची यादी तिच्याकडे तयार होती, पण ही वेळ नव्हती. तिने फोन उघडला आणि ‘मूल ठरावीक अक्षरे विसरते’ असं टाकून शोधलं. अर्ध्या तासात तिला एकवीस आजार सापडले. त्यांतले चौदा ठकीला आहेत याबद्दल तिची खात्री झाली आणि सहा आपल्याला आहेत असं वाटू लागलं.

मग उपाय सुरू झाले. आय आइस्क्रीमची म्हणून आइस्क्रीम आणलं. ठकीने ते मन लावून खाल्लं, चमचा चाटला आणि “छान होतं” एवढाच अभिप्राय दिला. ओसाठी ताटलीचा, बांगडीचा, बरणीच्या झाकणाचा गोल दाखवून झाला.

“हा कोण?”

“शून्य.”

टेबलावर मेणबत्ती उभी केली. “आणि ही कोण?”

“एक.”

“ही आय नाही?”

ठकीने आईकडे जरा काळजीने बघितलं. “आई, एक आहे तो.”

म्हणजे डोळे, असा तिने निष्कर्ष काढला आणि दुसऱ्याच दिवशी छापखान्यातून लवकर निघून तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ठकीने भिंतीवरचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, ओच्या जागी शून्य म्हणून. मग तक्त्याच्या अगदी तळाशी चिकटवलेल्या इवल्याशा चिठ्ठीवरचा नंबरही वाचून दाखवला. तिथे चिठ्ठी आहे हे डॉक्टरांना स्वतःलाच माहीत नव्हतं. ते उठून जवळ गेले आणि चष्मा वर करून खात्री करून आले.

“हिचे डोळे उत्तम आहेत,” ते म्हणाले. “तुमचे कधी तपासलेत?”

तासाभराने दोघी बाहेर पडल्या. चष्मा आईला लागला होता.

घरात तिसरं मोठं माणूस म्हणजे सासरे. ठकी झाल्यापासून सगळेच त्यांना आजोबा म्हणत. सासूबाई धाकट्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, त्यामुळे दुपारभर ठकी आणि आजोबा दोघंच घरी असत. आजोबांनी गाड्यांची नोंदणी होते त्या सरकारी कचेरीत एकतीस वर्षं काढली होती, खिडकी क्रमांक चारवर. नव्या गाडीला नंबर मिळायचा तो याच खिडकीतून. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी कुणी “आजोबा” म्हणून हाक मारली की आधी त्यांचा हात शिक्का शोधायचा.

रोज चार वाजता दोघं आपापले स्टूल घेऊन फाटकापाशी जाऊन बसत. समोरच चौक आणि चौकात सिग्नल, त्यामुळे गाड्या आपणहून येऊन समोर उभ्या राहत. सहा वाजेपर्यंत दोघं बघत, मधेच काही पुटपुटत, आणि मग आत येत. आईच्या भाषेत याला ‘गाड्या बघत बसणं’ म्हणत. तिला स्वतःला गाड्यांतलं काही म्हणजे काहीच कळत नसे. तिच्या दृष्टीने गाड्या दोन जातींच्या होत्या, आपली आणि दुसऱ्यांची, आणि त्यातही गफलत व्हायची. एकदा दुकानाबाहेर उभ्या असलेल्या करड्या गाडीत तिने चार पिशव्या टाकल्या, पुढच्या सीटवर बसून पट्टा लावला आणि “किती वेळ चालणार आहे ते फोनवर?” असं विचारलं. शेजारच्या परक्या गृहस्थाने “झालंच” म्हणून निमूटपणे फोन बंद केला. दोघांनी एकमेकांकडे बघेपर्यंत गाडी पहिल्या वळणाला लागली होती.

तर अशा या बाईने गुरुवारी एक छोटासा निर्णय घेतला.

“आजोबा, रागावू नका,” ती म्हणाली, “पण मुलाखत होईपर्यंत गाड्या बघणं जरा बंद ठेवू या. तिला थोडा अभ्यास होऊ दे.”

आजोबांनी पेपर खाली ठेवला. “बरं,” ते म्हणाले. “गाड्या काय, नंतरही जातीलच.” एवढंच. पण चार वाजले तेव्हा ते उगाचच उठले, खिडकीपर्यंत गेले आणि परत येऊन बसले. ठकीनेही काही हट्ट केला नाही. आपला स्टूल तिने आत आणला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. स्टुलाला तोंड कुठून असणार, पण ते भिंतीकडे आहे हे बघणाऱ्याला कळत होतं.

दोन अक्षरांबद्दल तिने आजोबांना चकार शब्द सांगितला नव्हता. त्यांचं रक्तदाबाचं औषध नुकतंच बदललं होतं, त्यांना कशाला घोर. ते एक वाक्य ती त्यांच्याशी बोलली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण काळजीच्या बाबतीत तिचा स्वभाव चिक्कू होता. कुणाला वाटा म्हणून द्यायची नाही, सगळी एकटीने वापरायची.

मुलाखतीच्या दिवशी बर्फाच्या कारखान्यात पंप बंद पडला, त्यामुळे नवरा येऊ शकला नाही. मायलेकी दोघीच गेल्या. बुटक्या टेबलाशी मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका बसल्या होत्या. पालकांसाठी टेबलापासून पाच पावलांवर भिंतीला लागून एक खुर्ची होती. ती लहान मुलांची असल्यामुळे आई बसली तेव्हा तिचे गुडघे हनुवटीला लागले. डोक्यावर पाटी होती: ‘पालकांनी क्रुपया मध्ये बोलू नये.’ ‘क्रुपया’ बघून तिचा हात पर्समधल्या लाल पेनकडे गेला. तो तिने दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

सुरुवात छान झाली. ठकीने रंग सांगितले, वीसपर्यंत मोजलं, चित्रातली गाय ओळखली आणि गायीच्या मागे उभ्या असलेल्या ट्रॅक्टरबद्दल दोन प्रश्न विचारले. मग ती घडी आली. “...जी, एच, जे, के...” आईने डोळे मिटून घेतले.

“छान,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पण मधली आय कुठे गेली?”

“आय नसते,” ठकी म्हणाली.

नेमक्या याच वेळी दार उघडून छोट्या बाई आत आल्या. त्या शाळेत नवीन होत्या, मनाने फार हळव्या होत्या आणि त्यांनी आधीचं काहीच ऐकलं नव्हतं. ठकीचे पुढचे दोन दात किडून पडलेले असल्यामुळे तिचं आय आणि आई यांत फरक करणं तसंही कठीण होतं. छोट्या बाई पटकन तिच्याजवळ गुडघे टेकून बसल्या.

“आई नसते, बाळा?”

“नसते.”

“मग घरी कोण असतं?”

“आजोबा.”

“आणि आई का नसते?”

“आजोबांनी काढून टाकली,” ठकीने समजावून सांगितलं. “तिच्यामुळे नुसता घोटाळा होतो.”

आता गंमत बघा. ठकी अक्षराबद्दल बोलतेय हे त्या खोलीत सगळ्यांत चांगलं कुणाला माहीत होतं? पाच पावलांवर गुडघ्यांत हनुवटी घालून बसलेल्या बाईला. आठ दिवस तिने दुसरं केलं काय होतं? पण ‘आजोबा’ आणि ‘घोटाळा’ हे दोन शब्द कानावर पडले, आणि भिंतीकडे तोंड केलेला तो स्टूल तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. म्हणजे आजोबा बोलले तर. आपल्या माघारी, पोरीसमोर. आईमुळे घोटाळा होतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, तिला ते पटलं.

“आणि ओ पण नसतो,” ठकी म्हणाली. “त्याला पण काढलं.”

“ओ?” छोट्या बाईंनी मोठ्या बाईंकडे बघितलं. “अहो म्हणत असेल. बाबांना. आई बाबांना अहो म्हणते का ग?”

ठकीने विचार केला. “नाही. ऐक ना म्हणते.”

“आणि तुला चालतं दोघं नसलेले?”

“हो. ते असले की पोलिसांना त्रास होतो. अंधारात ओळखता येत नाहीत.”

मोठ्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि पाच पावलांवर बघितलं. “जरा इकडे या,” त्या फार मऊ आवाजात म्हणाल्या.

खुर्चीतून उठताना खुर्चीही तिच्याबरोबर आली. ती सोडवून ती टेबलापाशी पोचली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

“तुम्ही मुलीच्या कोण?”

“आई.”

“पण ती म्हणते, आई नसते.”

“खरंय तिचं,” ती म्हणाली. “मी नसतेच. नऊला जाते, सहाला येते. आल्यावरही डोक्यात प्रूफंच असतात.”

“सासऱ्यांनी तुम्हाला काढलंय का?”

“नाही हो, उलट मीच त्यांना बंद केलंय. गुरुवारपासून.”

“सासऱ्यांना बंद केलंय?”

“म्हणजे बाहेर बसणं बंद केलंय. रोज चार ते सहा बसायचे बिचारे.”

“आणि ते पोलिसांचं काय?” छोट्या बाईंनी घाबरत विचारलं.

“ते मला माहीत नाही,” ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. तसं माहीत नसलेलं एवढं एकच नव्हतं. आपल्या घरात चाललंय तरी काय, हेच तिला त्या क्षणी माहीत नव्हतं.

छोट्या बाईंनी तिला द्यायला पाणी ओतलं आणि मग स्वतःच पिऊन टाकलं. ठकी मात्र या सगळ्याला कंटाळून खिडकीपाशी गेली होती.

दारात शाळेच्या बसचे ड्रायव्हरकाका कुठल्याशा कागदावर सही घ्यायला उभे होते. बराच वेळ उभे असावेत. ते खाकरले.

“बाई, मधे बोलतो, माफ करा. पण पोरगी नंबरप्लेटचं बोलतेय.”

“कशाचं?”

“गाडीच्या पाटीचं. आपल्या राज्यात गाडीच्या पाटीवर आय आणि ओ देतच नाहीत. आयचा एक वाटतो, ओचं शून्य वाटतं. एचच्या मागे जे, एनच्या मागे पी. पोलिसांना लांबून नीट वाचता यावं म्हणून. मी वीस वर्षं चालवतोय, पण हे मला एका इन्स्पेक्टरने पकडून सांगितलं तेव्हा कळलं.” आणि ते खिडकीकडे वळून अगदी बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, “काय, खरं ना?”

“हो,” ठकी म्हणाली. “ती बस तुमची? पिवळी पाटी, के बी, शेवटी डब्ल्यू?”

“आमचीच.”

“मधला आकडा पुसलाय.”

“पुसला नाही, चिखल आहे. धुतो आज.”

“धुवा,” ठकी म्हणाली. “नाहीतर आठाचा तीन वाटतो.”

आईच्या गालावरचे अश्रू तसेच होते आणि तोंड उघडं होतं. ते मिटायला बराच वेळ लागला.

मुलाखत मग शाळेच्या आवारात झाली. ठकी पुढे, तिच्या मागे ड्रायव्हरकाका, मग दोघी बाई आणि सगळ्यांत शेवटी आई. एरवी दहा माणसांत आईच्या पदराआड उभी राहणारी ही मुलगी आज हात मागे बांधून, खिडकी क्रमांक चारच्या थाटात, एकेका गाडीसमोर थांबत होती. पांढरी पाटी म्हणजे घरची गाडी. पिवळी म्हणजे भाड्याची. हिरवी म्हणजे बॅटरीवरची, ती आवाज न करता येते म्हणून रस्ता ओलांडताना तिच्याकडे जास्त बघायचं. या राज्यात पाटीवरची पहिली दोन अक्षरं जिल्ह्याची. कोपऱ्यात छोटा डोंगर कोरलेला असेल तर पाटी जुनी, डोंगर जाऊन कडेला चकचकीत पट्टी आली असेल तर नवी.

“ही एम टी,” ती एका पांढऱ्या गाडीसमोर म्हणाली. “समुद्राकडची. डोंगर आहे म्हणजे जुनी आहे. पण नीट ठेवलीय.”

“माझी आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “माझं माहेर समुद्राकडचं. वडिलांची गाडी ती.” त्यांनी पाटीवरून हात फिरवला. “बारा वर्षं चालवतेय, पण हा डोंगर आज बघितला मी.”

“शेवटी जे आहे. म्हणजे एचची ओळ संपली आणि लगेच तुमची आली.”

“एच आणि जेच्या मधे—” मोठ्या बाईंनी सुरुवात केली आणि हसून स्वतःच म्हणाल्या, “काही नसतं.”

एका स्कूटरपाशी मात्र ठकी थबकली. तिने खाली बसून निरखून बघितलं आणि मान हलवली. “हिच्यावर आय आहे.”

ड्रायव्हरकाका वाकले. खरंच, पाटी रंगवणाऱ्याने नक्षीच्या हौसेने एकच्या आकड्याला वर-खाली अशा आडव्या रेघा मारल्या होत्या की त्याची सरळ सरळ आय झाली होती.

“असं चालत नाही,” ठकी म्हणाली. “पोलीस थांबवतात.”

“म्हणजे म्हणून तो चौकातला पोलीस मला रोज थांबवतो?” छोट्या बाई लाल होत म्हणाल्या. स्कूटर त्यांची होती.

“तो दुसऱ्या कारणाने थांबवत असेल,” मोठ्या बाई म्हणाल्या, “पण पाटी बदलून घ्या, म्हणजे नक्की कळेल.”

आई नव्या चष्म्यातून बघत होती. तेवीस गाड्या झाल्या, ठकी एकदाही अडली नाही. आपण आठ दिवस हिच्यात दोन अक्षरं कमी म्हणून रडत होतो, आणि हिच्याकडे अख्खं राज्य आहे, जिल्ह्यासकट. ‘मधलं काही नसतं’ असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. आपण तिला ‘असतं’ म्हणून सांगितलं, आइस्क्रीम आणलं, मेणबत्ती आणली, डॉक्टर गाठले. ‘का ग नसतं?’ एवढं मात्र विचारलं नाही. प्रूफं तपासणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात की चूक वाटली तर आधी मूळ प्रत बघायची. मूळ प्रत फाटकापाशी स्टूल टाकून बसली होती, आणि तिने ती बंद करून ठेवली होती.

घरी आल्यावर तिने चप्पलही न काढता आजोबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मला वाटलं, तुम्ही माझ्याबद्दल म्हणालात,” ती म्हणाली. “आईमुळे घोटाळा होतो म्हणून.”

आजोबांनी प्रामाणिकपणे विचार केला. “म्हणालो असतो, तर तिच्यासमोर नसतं म्हटलं.”

मग त्यांनीही आपलं सांगितलं. एकतीस वर्षांत एकदाच त्यांच्या हातून ओ सुटला होता. एका डॉक्टरांच्या पांढऱ्या गाडीला शून्याच्या जागी ओ गेला, आणि तोच नंबर, शून्यासकट, एका बँडवाल्याच्या पांढऱ्या गाडीला मिळाला. दोन्ही पाट्या लांबून एकसारख्या. वर्षभर लोक डॉक्टरांच्या बायकोला सांगत राहिले की तुमचे मिस्टर प्रत्येक लग्नात असतात. “बाई कचेरीत आल्या तेव्हा त्यांच्या हातात छत्री होती,” आजोबा म्हणाले. “त्या दिवसापासून मी अक्षरं म्हणताना आय आणि ओ घेतलेच नाहीत. ठकीला मीच शिकवली ना एबीसीडी. तिला सांगायला हवं होतं की पाटीच्या बाहेर ते दोघं असतात म्हणून. राहून गेलं.” त्यांनी पेपरची घडी घातली. “खरं सांगायचं तर मीच विसरलो होतो.”

चार वाजले होते. तिने स्वतः जाऊन ठकीचा स्टूल उचलला, मग आजोबांचा, आणि स्वयंपाकघरातून एक तिसराही घेतला.

त्यानंतरचे पाच-सहा दिवस ती छापखान्यातून सुटली की थेट फाटकापाशी येऊन बसायची. आजोबा आणि ठकी तिच्यासाठी तासभर जास्त बसत. शिकणं सोपं नव्हतं. ती रंग बघेपर्यंत अक्षरं निघून जात आणि अक्षरं वाचेपर्यंत सिग्नल सुटे. ठकी चिडत नसे. “पुढची बघ हं,” म्हणे. एकदा तिने आख्खी पाटी बरोबर ओळखली, जिल्हा, रंग, डोंगर, सगळं. आजोबांनी हवेत शिक्का मारला. ठकीने नुसती मान डोलावली, पण त्या मान डोलावण्याने आईला ‘अपराजित’मधल्या ‘अ’पेक्षा जास्त आनंद झाला.

सहाव्या दिवशी ती तिथेच बसलेली असताना शाळेतून फोन आला. मोठ्या बाई स्वतःच बोलत होत्या. तिने “हो, हो, नक्की, हो” असं चारदा म्हटलं, फोन ठेवला आणि ठकीला जवळ ओढून तिचे दोन्ही गाल धरले.

“ठकी, शाळेत घेतलं तुला.”

ठकीने सिग्नलवरची एक हिरवी पाटी आधी बघून संपवली. मग विचारलं, “आणि तुला?”

“मला?”

“तू पण आली होतीस ना. खुर्चीवर बसली होतीस. बाईंनी तुला पण प्रश्न विचारले.”

“नाही ग, मला नाही घेतलं,” ती हसत म्हणाली. आजोबा तोंडावर पेपर धरून हलत होते.

ठकी हसली नाही. ती स्टुलावरून उतरली, आईच्या गुडघ्यावर हात ठेवून तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि मग आजोबांकडे वळून, आईला ऐकू जाऊ नये अशा बेताने पण तिला स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “घरी येतं तिला सगळं. लोकांसमोर गडबडते.”